कोरडा पेटवलेला बंब

अन्याय झाला तो आमच्या पेठेतल्या एका मुसलमान कल्हईवाल्यावर. झाला तो गेल्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी, ऊन समोरच्या माडीवरून उतरून आमच्या पायरीवर आलं तेव्हा. केला तो आमच्या घरानं. आणि ज्या एका शब्दानं तो झाला, तो शब्द माझ्या तोंडातून गेला.

मी पत्रकं लिहितो. शाळेत मुलांना शिकवून उरलेल्या वेळात लिहितो, छापतो आणि स्वतः वाटतो. कुठल्या पाणवठ्यावरून कुणाला हाकललं, कुठल्या पंगतीत कुणाला लांब बसवलं, ते पहिल्याच ओळीत जागा आणि वार घालून सांगायचं, ही माझी रीत. आजवर त्या ओळीत दुसऱ्यांची घरं आली. आज आमचं येतंय. तरी लिहितो.

आमचं घर कारकुनी. वडील संस्थानच्या कचेरीत. थोरला भाऊ हातकणंगल्याला नोकरीला, शनिवारच्या गाडीनं येतो नि रविवारी परत जातो. वडिलांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या. देवघर आणि सोवळंओवळं त्यांच्या ताब्यात. घरातलं उरलेलं सगळं वहिनीच्या.

त्या उरलेल्यात अंघोळीचं पाणी होतं. न्हाणीत एक चूल, तिच्यावर तांब्याचा हंडा. वहिनीनं सगळ्यांच्या आधी उठायचं, शेणी लावायच्या, फुंकणीनं फुंकत बसायचं. पावसाळ्यात ओल धरलेल्या शेणी थंडीपर्यंत धूर देतात. तिचे डोळे सकाळी बघवत नसत. पाणी कढलं की हंडा फडक्यानं धरून चुलीवरून ओढत दगडावर घ्यायचा, त्यातलं घंगाळात काढायचं, हंडा पुन्हा भरायचा, पुन्हा चढवायचा. वडिलांना कढत लागतं. आत्याबाईंना सोवळ्याचं वेगळं लागतं. मलाही कढतच लागायचं, खोटं कशाला लिहू. सगळ्यांचं झाल्यावर वहिनी राखेच्या उबेवर राहिलेल्या कोमट पाण्यानं न्हायची. समतेवर पत्रक लिहिणारा माणूस रोज सकाळी त्या न्हाणीतून लालबुंद होऊन बाहेर येत होता आणि त्याला त्यात काही खटकत नव्हतं.

दिवाळीनंतर एकदा हंडा ओढताना तिच्या हातून निसटला. थोडक्यात वाचली. तेव्हा भावानं आल्या शनिवारी वडिलांपाशी विषय काढला की आता बंब घ्यावा. वडिलांनी त्यावर एवढा विचार केला की मुलीला स्थळ बघतानाही माणूस एवढा करत नाही. ज्याच्या ज्याच्या घरी बंब होता तिथं जाऊन ते बसून आले. तोटी खाली असावी की मध्यावर, मधल्या नळीत शेणी चांगल्या की बाभळीच्या ढलप्या, उसाच्या चिपाडांनी नळी काजळते का, सगळं विचारून घेतलं. शेजारी एक दूधवाला राहतो. त्याचं घर आमच्या पायरीला लागून आणि तोंड सगळ्या पेठेला लागून. तो वडिलांना रोज विचारी, "मालक, काय ठरलं? तुमचा बंब यीपर्यंत आमच्या म्हशी तळ्यात न्हाऊन म्हाताऱ्या व्हतील की."

आत्याबाईंचं म्हणणं साधं होतं. हंडा कसा, आतून दिसतो. हात घालून चिंचेनं घासता येतो. बंबाच्या पोटात काय आहे कुणी बघितलंय. वहिनीला कुणी विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही. ती फक्त भाऊ परत निघताना त्याच्या पिशवीत दशम्या ठेवताना म्हणाली होती की धुंधुरमास तोंडावर आलाय. धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत अंघोळी, नैवेद्य आणि जेवण. म्हणजे तिनं उठायचं कधी ते तुम्हीच मोजा.

शेवटी वडिलांनी नव्या बंबाचा नाद सोडला आणि छावणीकडच्या एका साहेबाच्या बंगल्यात लिलाव होता तिथून जुना बंब आणला. साहेब विलायतेला परतला होता. बंब दणकट, जाड पत्र्याचा, तांबं नुसतं बघत राहावं असं. हातगाडीवरून उतरवला तेव्हा अर्धी पेठ गोळा झाली. पाणी भरलं आणि खालून गळायला लागला.

ज्यांच्या घरी बंब नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंब म्हणजे उभं, बंद तोंडाचं तांब्याचं भांडं, आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार नळी. नळीत विस्तव, भोवती पाणी. नळी जिथं तळाला मिळते तो सांधा म्हणजे बंबाचा जीव. साहेबाच्या बंबाचा तो सांधा उकलला होता.

मी बंब चाचांकडे नेला. हेच ते कल्हईवाले. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणते. बापापासून हेच काम. पेठेतल्या लग्नाच्या पातेल्यांना, देवळाच्या परातींना कल्हई त्यांचीच. त्यांनी बंब उलटा करून बोटानं सांधा चाचपला आणि मला दोन वाटा सांगितल्या. एक, सगळा बंब सुटा करून पितळेच्या डाकानं सांधायचा. ते भट्टीचं काम, महिना जाईल. दुसरी, कथलाचा डाक लावायचा, म्हणजे मऊ कथील वितळवून सांधा बुजवायचा, दोन दिवसांत घरी. घरी विचारून येतो म्हटलं. वडील म्हणाले, धुंधुरमास महिनाभर थांबतोय का. कथील ठरलं.

रविवारी सकाळी बंब घ्यायला गेलो. चाचांनी आतूनही कल्हई करून ठेवली होती, न सांगता. पाणी भरून दाखवलं, सांध्यावर कोरडं फडकं फिरवून माझ्या हातात दिलं. फडकं कोरडंच होतं. मग म्हणाले, "मास्तर, एकच ध्यानात ठेवा. आधी पाणी, मग इस्तू. पाणी हाय तंवर ह्यो डाक तुमच्या नातवाला पुरंल. पाण्याबिगार घटकाभर जरी इंगळ पडलं, तर कथील म्हंजे लोणीच की."

मी हो म्हटलं. हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलं. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका.

घरी आत्याबाई न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. साहेबाचं आणि वर मुसलमानाचा हात लागलेलं भांडं, त्यातलं पाणी अंगावर घेऊन देवघरात कसं जायचं, हा त्यांचा सवाल. वडील म्हणाले, चिंचेनं घासून घेऊ. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "चिंचेनं साहेब जाईल. त्या माणसाचा हात आतून लागलाय, तिथं चिंच पोचत नाही."

यावर उपाय आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मातीचं भांडं बाटलं तर फोडायचं, धातूचं बाटलं तर आगीत घालायचं. अग्नीतून निघालं की शुद्ध. वाटी असेल तर चुलीत सारतात. बंब चुलीत मावत नाही. मग आत्याबाईंनीच वाट काढली: बंबाला त्याची स्वतःची आग आहेच. रिकामा ठेवायचा आणि नळीत शेणी पेटवायच्या. पाणी भरायचं नाही, कारण बाटलेल्या भांड्यात पाणी घातलं की पाणीही बाटलं.

मी म्हणालो की चाचांनी कोरडा पेटवू नका म्हणून सांगितलंय. म्हणालो खरा, पण बाजारात भाव विचारावा तसा. वडिलांनी हात हलवला. एवढ्याशा जाळानं काय होतंय, म्हणाले, आणि ते चार गोष्टी सांगणारच, आपलं काम टिकलं नाही तर आधीच बोलून ठेवलेलं बरं. मला तिथं खरं म्हणजे आडवं पडायला हवं होतं. पडलो नाही, त्याचं कारण लिहितो. त्याच आठवड्यात माझं एक पत्रक छापखान्यात होतं. शिवाशिवीवरच होतं. वडिलांना त्याचा पत्ता नव्हता. ते बाहेर पडेपर्यंत घरात वादाला तोंड फुटू नये, असं मी मनाशी ठरवलं होतं. शिवाशिवीवरचं पत्रक सुखरूप छापून यावं म्हणून मी घरात शिवाशिवीपुढं गप्प बसलो. शेणीसुद्धा मीच लावल्या.

चांगला जाळ झाला. तांबं आधी लालसर, मग निळं, मग काळपट झालं. आत काहीतरी टपटप पडल्यासारखं वाजत होतं. विस्तव विझल्यावर मी राख ओढली तर राखेत दोनचार चकचकीत मणी निघाले, पाऱ्यासारखे. ते मी राखेबरोबर उकिरड्यावर टाकले. आत्याबाईंनी बंबाला हळदकुंकू लावलं. वहिनी त्या वेळी भावाबरोबर माहेरच्या एका हळदीला गेली होती; तो तिकडूनच परस्पर गाडीला गेला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सोमवारी पहाटे तिनं बंब भरला. खाली थोडी ओल दिसली ती तिला भरताना सांडलेली वाटली. नळीत विस्तव घातला. पाणी तापलं, वडिलांची अंघोळ झाली, आत्याबाईंची झाली. तिसऱ्यांदा वरून गार पाणी ओतायला ती जवळ गेली आणि सांधा सुटला. कढत पाणी विस्तवात गेलं, आणि वाफ, राख, इंगळ सगळं खालून तिच्या पायांवर आलं.

ती ओरडली नाही. न्हाणीच्या भिंतीला धरून खाली बसली आणि "विस्तव विझवा आधी" म्हणाली. दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोलले होते. वैद्य येईपर्यंत मी कोरफड कापून गर लावत होतो आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

वडील संतापले. त्यांनी चाचांना बोलावणं धाडलं. चाचा हातातलं काम टाकून आले आणि पायरीच्या खाली उभे राहिले. दूधवाला म्हशीची धार अर्धी ठेवून आला. त्याच्या मागं पेठ आली. वडील म्हणाले, "चाचा, बघा तुमच्या हातचं काम. सून जायबंदी झाली."

चाचांनी आधी वहिनीचं विचारलं. मग बंब बघू का म्हणाले. आत्याबाईंनी आतून सांगितलं की परत शिवायला द्यायचा नाही. म्हणून वडिलांनी तो अंगणात लांब ठेवायला लावला आणि चाचांनी पायरीखालून मान वाकडी करून बघितला. तांब्याचा रंग त्यांना दिसला असणार. ते कुणावर चिडले नाहीत. माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमीच सांगा. पैल्यांदा पेटवला तवा आत पाणी हुतं का न्हवतं?"

वडील माझ्याकडे बघत होते. सगळी पेठ बघत होती.

मी म्हणालो, "होतं."

"मास्तर म्हणत्यात तर आसंल," असं म्हणून चाचा डोक्याचं फडकं सारखं करत निघाले. दूधवाल्यानं मागून आवाज दिला, "चाचा, आता कल्हई बास करा आन् घरला बसून नातवंडं खेळवा." लोक हसले. मी पण तिथंच उभा होतो.

पुढचं फार लिहायला नको. तुम्हाला पेठा कशा चालतात ते ठाऊक आहे. संक्रांतीला भांडी निघतात, माघात लग्नाची पातेली निघतात. यंदा आमच्या पेठेतली भांडी दुसरीकडे गेली. चाचांच्या कामानं एका सुनेचे पाय भाजले, एवढं वाक्य पुरलं. वर "त्या लोकांचं काम असलंच" हे शेपूट कुणी जोडलं ते मला सांगता येणार नाही; बहुतेक सगळ्यांनी मिळून जोडलं. मी शाळेत जाता-येता बघायचो. भाता गार, नवसागराचा वास नाही, आणि चाचा दारात बसून रस्त्याकडे बघतायत.

आमच्या न्हाणीत पुन्हा चूल पेटली. वहिनीला उभं राहता येईना म्हणून पाणी मी तापवू लागलो, आणि मग मला कळलं की हंडा केवढा जड असतो. वडिलांनी आता नवाच बंब घ्यायचा ठरवला, आपल्यातल्या तांबटाकडून, पहिल्यापासून शुद्ध. मोडीत घालायला साहेबाचा बंब घेऊन आम्ही दोघे तांबट आळीत गेलो. तांबटानं तो आडवा केला, आत नजर टाकली आणि हसायलाच लागला. "ह्यो कुणी कोरडा जाळला? आतली कल्हई बघा, मणी झाल्यात." मग नव्या बंबाचं बोलणं निघालं तेव्हा तो सहज म्हणाला की पत्रा, ठोक सगळं आपलं. कल्हईला आणि बारीक डाकाला मात्र आपण माल चाचांकडेच पाठवत आलो, त्यांच्यासारखा हात गावात नाही. आळीतले सगळेच पाठवायचे; यंदा गिऱ्हाइकं नको म्हणतात म्हणून थांबलेत.

म्हणजे पेठेतल्या प्रत्येक शुद्ध बंबाच्या पोटात तोच हात होता. वडिलांनी ते ऐकलं. परतताना सबंध वाटेत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं: "घरी बोलू नकोस."

मी घरी बोललो. वहिनीला सांगितलं. ती पाय पसरून तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "भावजी, उजेडात बंबाचा रंग बघून मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पायांवर कातडं येतंय माझ्या. त्यांच्या भात्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चाचांकडे गेलो. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी मला बसायला पाट दिला, ऐकून घेतलं, मधेच सुनेचे पाय कसे आहेत ते विचारलं. शेवटी म्हणाले, "मास्तर, हितं सांगून काय उपेग? मला ठावं न्हवतं व्हय? जितं बोललासा तितं बोला."

बरोबर होतं. रिकाम्या दुकानात माफी मागणं फार सोपं. मी घरी आलो, वडिलांना सांगितलं की उद्या सकाळी बोलणार आहे. ते म्हणाले, बोललास तर घरात राहू नकोस. आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

सकाळी दूधवाल्याची धार चालू असताना, बायका पाण्याला निघालेल्या असताना, मी आमच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं सांगितलं की बंब आम्ही कोरडा जाळला, मी स्वतः जाळला, चाचांनी बजावलं होतं, आणि त्या दिवशी मी खोटं बोललो. लोक थांबले. मग दूधवाला म्हणाला, "मास्तरानं नवीन पत्रक काढलं वाटतं." हशा झाला आणि घागरी पुढं गेल्या.

इथंच माझा हिशेब चुकला होता. मला वाटलं होतं, खोटं एका शब्दानं पसरलं तर खरंही तेवढ्यानंच पसरेल. तसं होत नाही. खोटं पसरायला पेठ आधीपासून तयार बसली होती. खऱ्यासाठी कुणी जागा झाडून ठेवली नव्हती. एकानं सरळ सांगितलं की मास्तर, तुझं मन मोठं म्हणून तू आपल्या अंगावर घेतोस. यापेक्षा वाईट शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

मी सध्या मित्राच्या खोलीवर राहतो आणि गार पाण्यानं अंघोळ करतो. त्यात काही मोठेपणा नाही, तिथं चूलच नाही. वहिनी चालू लागली आहे. भाऊ तिला हातकणंगल्याला नेतो म्हणतोय. हुजुरांच्या, म्हणजे आमच्या महाराजांच्या, राज्यात जातीपातीवर हुकूम निघतात, आमच्यासारखे ते टाळ्या वाजवून वाचतात. पण हुकूम कचेरीत पोचतो. न्हाणीत पोचत नाही. तिथं आपणच असतो, आणि गप्प असतो.

चाचा अजून दारात बसलेले असतात. पुढच्या लग्नसराईतही भाता पेटला नाही, तर दुकान मोडून लेकाकडे मिरजेला जाणार म्हणतात. पेठेतला सर्वांत चांगला हात पेठेतून जाईल आणि जाताना माझं खोटं आपल्या पाठीवर घेऊन जाईल.

म्हणून तुम्हाला, हे वाचणाऱ्याला, सांगतो. मला शाबासकी देऊ नका आणि हळहळूही नका, दोन्हींनी भाता पेटत नाही. फळीवरून कल्हई उडालेली भांडी खाली काढा. उद्या सकाळी, उजेडात, पेठेच्या भर रस्त्यातून ती चाचांकडे घेऊन जा. कुणी विचारलं कुठं निघालात, तर त्यांचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या. आणि काम झालेलं भांडं घरी आणाल तेव्हा आगीत घालू नका. पाणी भरा आणि प्या.